‘ओळखणे’ या क्रियापदाची साक्ष

प्रत्यक्षदर्शी साक्षीच्या विश्वसनीयतेची चर्चा एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या ‘आयविटनेस टेस्टिमनी’ (१९७९) या ग्रंथाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. मानसशास्त्राच्या अंगाने त्या ग्रंथाची चिकित्सा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत टिपणात त्याकडे भाषाशास्त्राच्या, आणि विशेषतः मराठीच्या, अंगाने पाहावयाचे आहे.

लॉफ्टस व पामर यांचा १९७४ सालचा प्रयोग सुपरिचित आहे. मोटारींच्या टकरीचे चित्रपट दाखवून वेग विचारला. प्रश्नातील क्रियापद तेवढे बदलले. ‘चेंगरल्या’ या अर्थाच्या क्रियापदास सरासरी उत्तर ताशी सुमारे ४० मैल मिळाले, तर ‘स्पर्श झाला’ या अर्थाच्या क्रियापदास सुमारे ३२. यावरून स्मृती घडविता येते, असा निष्कर्ष निघाला. तथापि उत्तर बदलले म्हणजे स्मृती बदलली, असे मानण्यास आधार काय? श्रोता प्रश्नातून प्रश्नकर्त्याचे गृहीत उचलतो आणि त्याला साजेसे उत्तर देतो. हा संभाषणाचा नित्य व्यवहार आहे. मॅक्क्लॉस्की व झारागोझा यांनी १९८५ साली हाच आक्षेप निराळ्या वाटेने घेतला. न्यायालयापुरता मात्र हा वाद गौण आहे, कारण आरोपीच्या गळ्याशी येते ते उत्तर, स्मृती नव्हे.

याहून महत्त्वाचा प्रयोग १९७५ सालचा, लॉफ्टस व झॅनी यांचा. फुटलेला दिवा पाहिलात काय, या प्रश्नात इंग्रजीचे अनिश्चित उपपद योजिले की निश्चित, एवढाच भेद होता. चित्रपटात नसलेली वस्तू ‘पाहिली’ म्हणणारे निश्चित उपपदामुळे दुपटीच्या घरात गेले. मराठीत उपपदे नाहीत; म्हणून मराठी साक्षीदार या सापळ्यातून सुटला, असे कोणास वाटेल. ते खरे नाही. ‘कोणी माणूस पळताना दिसला काय?’ आणि ‘पळणाऱ्या माणसास तुम्ही पाहिलेत काय?’ हे प्रश्न ताडून पाहावेत. दुसऱ्यात माणूस होता, तो पळत होता, हे आधीच ठरून गेले आहे. हे काम विशेषणाने व द्वितीयेच्या प्रत्ययाने केले. शिवाय ‘दिसणे’ येथे माणूस नकळत दृष्टीस पडतो. ‘पाहणे’ येथे साक्षीदार कर्ता होतो आणि त्याच्यावर लक्षपूर्वक पाहिल्याची जबाबदारी येते. सरतपासणीत सूचक प्रश्नास कायदा सामान्यतः प्रतिबंध करतो, पण तो प्रश्न वाक्याच्या रूपावरून ओळखला जातो; विभक्तीत दडलेली सूचना कोण हरकत घेऊन थांबविणार?

खुनाच्या खटल्यात याचे पर्यवसान कोठे होते, हे ऑस्कर स्लेटर प्रकरणावरून दिसते. डिसेंबर १९०८ मध्ये ग्लासगो येथे मॅरियन गिलख्रिस्ट या वृद्धेचा खून झाला. तिची मोलकरीण हेलन लॅम्बी हिने घरातून निघून जाणारा पुरुष पाहिला होता. स्लेटरला परत आणण्यासाठी न्यूयॉर्कला चौकशी झाली, तेथे तिचा भर त्याच्या चालण्यावर होता, चेहऱ्यावर नव्हे. १९०९ च्या मे महिन्यात एडिंबरोच्या न्यायालयात मात्र चेहराही ओळखीचा झाला. मधल्या काळात साक्षीदारांस छायाचित्रे दाखविली गेली होती. स्लेटरला फाशीची शिक्षा झाली, ती जन्मठेपेत बदलली, आणि १९२७ साली सुटका झाल्यावर १९२८ मध्ये दोषसिद्धी रद्द झाली. तीही न्यायाधीशांनी ज्यूरीस केलेल्या चुकीच्या मार्गदर्शनाच्या मुद्द्यावर. ओळखीचा प्रश्न त्या निर्णयाने सोडविला नाही. ‘चाल’ ते ‘चेहरा’ हे स्थित्यंतर लबाडी की प्रामाणिक भ्रम, हे नोंदीवरून ठरविता येत नाही. नोंदीत फक्त शब्द आहेत.

आता आपल्याकडील ओळखपरेडीकडे वळावे. परेडीतील ओळख हा स्वतंत्र पुरावा नसून न्यायालयात दिलेल्या साक्षीस केवळ पुष्टी देणारा आहे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने वारंवार मांडली आहे. पण परेडीत साक्षीदारास सांगितले काय जाते? ‘यांतला कोण ते ओळखा.’ मराठीतील ‘ओळखणे’ हे क्रियापद फार ऐसपैस आहे. परिचय असणे, पूर्वी पाहिलेले पुन्हा पटणे, आणि अटकळ बांधणे, हे तिन्ही अर्थ त्यात नांदतात. उखाणा घालणारी आजीही ‘ओळखा पाहू’ असेच म्हणते. अशा आज्ञेपुढे गप्प राहणे म्हणजे हरणे होय. ‘त्या वेळी दिसलेला इसम यांत असेल वा नसेलही’ एवढे आधी सांगितले, तर नकारास जागा राहते. इंग्लंडमध्ये १९७६ च्या डेव्हलिन समितीच्या अहवालानंतर ओळखीच्या पुराव्याविषयी सावधगिरी वाढली, परंतु आज्ञार्थातील क्रियापदाचा प्रश्न प्रत्येक भाषेला स्वतःपुरता सोडवावा लागेल.

अहवालाची भाषा याहून घातक आहे. ‘साक्षीदाराने आरोपीस ओळखले’ असे लिहिले की विषय संपतो. कारण भूतकाळी ‘ओळखले’ हे यश गृहीत धरणारे रूप आहे. चुकीच्या माणसास कोणी ‘ओळखत’ नाही. ‘ओळख पटली’ यात तर कर्ताही नाहीसा होतो. ‘साक्षीदाराने क्रमांक चारच्या इसमाकडे बोट दाखविले’ हे वाक्य रुक्ष खरे, पण ते घडले तेवढेच सांगते.

मराठी जबानी अपिलासाठी इंग्रजीत जाते, तेव्हा लॉफ्टस व झॅनी यांचे उपपद परत हजर होते. ‘माणूस जिन्याने उतरला’ या वाक्यातील माणूस निश्चित की अनिश्चित, हे साक्षीदाराने सांगितलेले नसते. इंग्रजी व्याकरणाच्या सक्तीने ते भाषांतरकार ठरवितो. उलटतपासणी त्याची होत नाही.