कर्णाला सगळे ठाऊक असते

चेन्नईहून बेंगळुरूकडे निघालेल्या महामार्गावर श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागते. ह्युंदाईचा मोटारींचा कारखाना इथे 1998 पासून चालू आहे. जवळच मोटारशर्यतींचा ट्रॅक. शोकांतिकेवर लिहायला कुणी ही जागा निवडणार नाही. पण हाच रस्ता धरून पुढे कांचीपुरम आणि तिथून दक्षिणेला थेट जिंजीपर्यंतचा जो मुलूख आहे, त्यात दरसाल साधारण मार्च ते ऑगस्टच्या दरम्यान द्रौपदी अम्मनच्या जत्रा भरतात. दुपारी देवळात तमिळ महाभारत वाचले जाते आणि रात्री त्याचेच कूत्तु, म्हणजे लोकनाट्य, उभे राहते. आपल्याला जिंजी माहीत आहे ती राजाराम महाराजांमुळे. द्रौपदीच्या या पंथाचे मूळ ठाणेही त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी, मेलच्चेरीला मानतात. ग्रीक शोकांतिकेचे भारतातले सर्वांत जवळचे नातलग या मुलखात आहेत, असे माझे मत आहे.

‘संस्कृत नाटकात शोकांतिका नाही’ हे वाक्य आपण कॉलेजात पाठ करतो. अपवाद म्हणून भासाचे ‘ऊरुभंग’ आणि ‘कर्णभार’. ती नाटकेही गणपतिशास्त्रींनी 1912 पासून त्रिवेंद्रमला छापायला घेतली म्हणून आपल्या हाती आली. पुढे चर्चा खुंटते, कारण नाटक म्हणजे छापील संहिता अशी आपली समजूत आहे. पण विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत जे मराठी नाटक उभे केले तेही संहिता वाचून नव्हे, दक्षिणेतून आलेल्या भागवतांचे खेळ पाहून. एवढे आठवले तरी पुरे.

कूत्तु रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. मृदंग, ढोलक, पेटी, झांजा आणि कानठळ्या बसवणारी मुखवीणा. राजे आणि योद्धे यांच्या अंगावर कट्टै, म्हणजे हलक्या लाकडाचे दागिने: मुकुट, खांद्यांवर पंखांसारख्या फळ्या, छातीवर पट्टा, सगळ्यावर आरशाचे तुकडे आणि चमकी. दोन माणसे कापडी पडदा धरतात. पडद्याआड नट स्वतःची ओळख गाऊन देतो, खाली फक्त घुंगरू बांधलेले पाय थिरकताना दिसतात, मुकुटाचे टोक वर डोकावते. पडदा दूर होतो तेव्हा माणूस दिसत नाही, एक आकार दिसतो. अथेन्सच्या नटाला मुखवटा जे काम करून देत असे, ते इथे लाकूड करते.

या रंगभूमीचा मानबिंदू म्हणजे ‘कर्ण मोक्षम्’. कर्तेपण पुगळेंदि पुलवरकडे जाते. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने 1998 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर छापले. कर्णाची तुलना करायची म्हटली की मराठी लेखक ईडिपसकडे धावतो. दोघेही टाकलेली पोरे, दोघांचेही जन्मरहस्य. पुलंनी ‘राजा ओयदिपौस’ मराठीत आणल्यापासून ही जोडी आपल्या तोंडात बसली आहे. मला ती फसवी वाटते. ईडिपसला काहीच माहीत नसते आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. ओळख पटणे आणि दैव फिरणे एकाच क्षणी घडावे, असे ॲरिस्टॉटल म्हणतो ते त्याच्यावरूनच. कर्णाला मात्र युद्धाआधीच सगळे कळलेले आहे. कृष्णाने सांगितले आहे, कुंतीने येऊन वचने घेतली आहेत. तमिळ परंपरेत तिने मागितलेले एक वचन नागास्त्र दुसऱ्यांदा न सोडण्याचे. बदल्यात तो मागतो ते एवढेच, की मी पडल्यावर मला मांडीवर घे आणि जगासमोर मुलगा म्हण.

त्याचा खरा भाऊबंद एस्किलसच्या इ.स.पू. 467 च्या ‘थीब्जविरुद्ध सात’ या नाटकातला इतिओक्लीस. सहा वेशींवर सहा योद्धे नेमून झाल्यावर त्याला कळते, की सातव्या वेशीवर आपला सख्खा भाऊ चालून आला आहे. बापाचा शाप त्याला माहीत आहे. कोरसमधल्या बायका जाऊ नको म्हणून विनवतात. तो जातो. याउलट सोफोक्लीसच्या ‘फिलॉक्टिटिस’मधला तरुण निओप्टोलेमस आपल्या सेनापतींशी इमान मोडतो आणि लबाडीने मिळवलेले धनुष्य परत देतो. कर्णालाही ही वाट मोकळी होती, नव्हे, ती स्वतः कृष्णाने दाखवली होती.

मग तो का जात नाही? आपण पटकन ‘उपकार’ म्हणतो, अंगदेशाचे राज्य दिले म्हणून. तमिळ परंपरा वेगळे उत्तर देते. कर्ण दुर्योधनाच्या बायकोशी सोंगट्या खेळत बसला आहे. नवरा येताना पाहून ती उठते. कर्णाची दाराकडे पाठ. डाव सोडून पळते आहे असे वाटून तो तिला ओढतो, मेखला तुटते, मोती घरभर होतात. दुर्योधन आत येतो आणि विचारतो, नुसते वेचून देऊ की ओवून देऊ? बस. या प्रसंगात राज्य नाही, दान नाही, एका माणसाने संशय घेतला नाही इतकेच आहे. ग्रीक नाटकांत मैत्रीवरची निष्ठा पुष्कळ आहे, पण निष्ठेची इतकी लहान आणि इतकी पक्की गाठ मला तिथे आठवत नाही. मणिरत्नमच्या 1991 च्या ‘दळपती’मध्ये रजनीकांत आणि मामूट्टी ज्या मैत्रीवर उभे आहेत ती हीच.

मराठी कर्ण याहून निराळा आहे. शिरवाडकरांचे ‘कौंतेय’ (1953), शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ (1967), रणजित देसाईंचे ‘राधेय’: आपला कर्ण आधी अन्यायग्रस्त आहे आणि मग योद्धा. वाचक त्याचा वकील होतो. ‘मृत्युंजय’चे गारूड मी नाकारत नाही, पण त्यातली वृषाली नवऱ्याला एकही अवघड प्रश्न विचारत नाही. कूत्तुतली पोन्नुरुवि विचारते. ती राजकन्या आहे, सूतपुत्राशी लग्न झाल्याचा सल तिने वर्षानुवर्षे बाळगला आहे आणि नवऱ्याला तो ऐकवला आहे. शेवटच्या युद्धाला निघताना तो तिचा निरोप घ्यायला येतो आणि आपला जन्म सांगतो. ज्या माणसाला तिने हिणवले, तो कुणाचा कोण हे तिला तो मरायला निघाल्यावर कळते. म्हणजे ॲरिस्टॉटलची ती ओळख इथे नायकाच्या वाट्याला येत नाही, बायकोच्या येते. ही करामत मला मोठी वाटते. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये कर्णाला कठोरपणे तपासले, पण तो निबंध होता, आपल्या रंगभूमीला पोन्नुरुवि मिळाली नाही.

‘कर्ण मोक्षम्’ जत्रेपुरते नाही. उत्तर तमिळनाडूत घरातले माणूस गेल्यावर उत्तरक्रियेच्या वेळी, बहुधा सोळाव्या दिवशी, हेच नाटक लावायची रीत आहे. अथेन्समध्ये डायोनिससच्या उत्सवात नाटकांआधी लढाईत पडलेल्यांची मुले चिलखत घालून मिरवत, त्याची इथे आठवण होते. जत्रेच्या शेवटच्या सकाळी पडुकळम्. मोकळ्या मैदानात दुर्योधनाचा मातीचा प्रचंड पुतळा आडवा केलेला असतो. भीम मांडीवर घाव घालतो, तांबडे पाणी बाहेर येते, द्रौपदी केस बांधते. आणि मग दुर्योधनासाठी ओप्पारी, म्हणजे रडगाणे, सुरू होते. शत्रूचा शोक आपल्याच अंगणात करायचा, हे एस्किलसने इ.स.पू. 472 मध्ये ‘पर्शियन’ नाटकात केले होते. युद्धाआधी बळी जाणारा अर्जुनाचा मुलगा अरवान आणि युरिपिडीसची इफिजिनिया ही जोडी तर स्वतंत्र लेखाची धनी आहे.

एक तक्रार नोंदवतो. शेवटी ब्राह्मणाच्या वेषात कृष्ण येतो, बाणांनी विंधलेल्या कर्णाकडून दानाचे सगळे पुण्य मागून घेतो आणि विश्वरूप दाखवतो. नाट्य म्हणून मला हा शेवट सैल वाटतो. देव यंत्रातून उतरवणाऱ्या युरिपिडीसवरही हाच आक्षेप आहे. सुतकातून उठणाऱ्या घराला मोक्षाशिवाय नाटक कसे चालेल, हेही खरेच.

आजची स्थिती बरी की वाईट, हे एका वाक्यात सांगता येत नाही. तिरुवण्णामलै जिल्ह्यातल्या पुरिसैचे कूत्तु-कलावंत कण्णप्प तंबिरान यांच्याबरोबर नाटककार ना. मुत्तुसामींनी काम केले. मुत्तुसामींची 1977 ची ‘कूत्तुप्पट्टरै’ ही संस्था चेन्नईच्या आधुनिक नाटकाची तालीम ठरली. पी. राजगोपाल आणि हानं द ब्राउन यांनी कांचीपुरमला 1990 मध्ये कलावंतांचा संघ उभारला, 2002 मध्ये पुंजरासंतांगलला गुरुकुल काढले आणि पुरुषांच्या या कलेत मुली आणल्या. पॅरिसच्या दिग्दर्शिका आरियान मनूश्किन यांनी ‘लेझात्रिद’मध्ये ग्रीक नाटकांना कथकळीचा पेहराव चढवला होता; 2016 च्या ‘यून शांब्र आं आंद’मध्ये त्या पुरिसैच्या कूत्तुकडेच आल्या.

काळजी वेगळीच आहे. इरुंगाट्टुकोट्टैसारख्या ठिकाणी कारखान्यात सकाळच्या पाळीला कामावर जायचे असेल तर माणूस उजाडेपर्यंत कसा बसणार? शहरातल्या सभागृहांना दोन तासांचा खेळ हवा असतो. दोन तासांत कर्ण मरू शकतो, यात शंका नाही. युद्ध, बाण, दान सगळे बसते. पण कट्टियक्कारन, म्हणजे विदूषक, मध्येच येऊन जी टवाळी करतो, तिच्यामुळेच पुढचा शोक सोसवतो, आणि पहाटे तीनच्या पेंगेत जे ऐकू येते ते सात वाजता ऐकू येत नाही. कात्री चालवायचीच झाली तर ती लढाईवर चालवावी. अनुभव मात्र असा की कापणारे लढाई ठेवतात आणि नवराबायकोचे लांबलेले बोलणे आधी काढतात.