मालमोटारीतला पाहुणा

आपल्या कथा-कादंबऱ्यांत मालट्रक येतो तो बहुधा कोणाला तरी मारायला. नायिकेच्या वाटेत एखादा माणूस जास्त झाला, किंवा तेराव्या प्रकरणापाशी लेखकाचेच घोडे अडले, की वळणावरून एक ट्रक भरधाव येतो आणि काम उरकून निघून जातो. त्याच्या चालकाला तोंड नसते, गाव नसते. फार तर तो दारू प्यालेला असतो. लेखकाकडून त्याला बक्षीस मिळते ते तेवढे एक विशेषण. बैलगाडीवर आपल्याकडे पानेच्या पाने लिहून झाली, आगगाडीवर झाली, एस.टी.च्या खिडकीतून दिसणाऱ्या महाराष्ट्रावर तर कितीतरी लेखकांची गुजराण झाली. पण ज्या वाहनाने आपल्या फराळाचे बेसन, तेल, साखर आणली, हा अंक छापायचा कागदसुद्धा आणला, त्याच्या केबिनमध्ये मराठी लेखक क्वचितच चढला.

मी चढलो याला कारण माझा एक बालमित्र. मॅट्रिकपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी मास्तर झालो, त्याने स्टेअरिंग धरले. गेल्या हिवाळ्यात तो गूळ घेऊन कोल्हापूरहून अहमदाबादला निघाला होता. गाडीवर क्लीनर नव्हता. एका पगारात भागते तर दोन कशाला, असा हिशेब करून मालकाने तो केव्हाच काढून टाकला होता. रात्री डोळा लागू नये म्हणून शेजारी बोलायला कोणीतरी हवे. मला म्हणाला, “मास्तर, सुट्टी हाय न्हवं? मग चल की. झोपायचं मात्र न्हाई.”

त्या प्रवासाचे वर्णन करण्याचा माझा विचार नाही. खंबाटकीचा घाट आणि नर्मदेवरचा पूल यांवर लिहिणारे माझ्याहून चांगले लेखक आहेत. मला बोलायचे आहे ते ट्रकवर निघालेल्या पुस्तकांविषयी आणि चित्रपटांविषयी. पण त्यांना लावायची कसोटी मला त्या केबिनमध्ये सापडली, म्हणून एवढे सांगितले.

ती कसोटी अशी. मास्तरकीच्या सवयीने मी वहीत वेळा टिपत होतो. मार्केट यार्डात गाडी भरायला लागल्यापासून अहमदाबादेत माल खाली होईपर्यंत ६२ तास गेले. त्यांत चाक फिरत होते २४ तास. उरलेले ३८ तास थांबण्यात गेले. हमाल जेवायला गेले म्हणून थांबा, वजनकाट्यावर थांबा, ताडपत्रीचा दोर सैल झाला म्हणून थांबा, ठाण्याच्या अलीकडे अवजड वाहनांची बंदी उठेपर्यंत थांबा. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे व्यापाऱ्याच्या गोदामाच्या फाटकाबाहेर थांबा. तिथे आम्ही २६ तास काढले. आत जागा नाही, असे सांगण्यात आले. याचा अर्थ माझ्या मित्राने मला समजावून दिला: आत जागा होईपर्यंत आपली गाडी हेच गोदाम, आणि तेही बिनभाड्याचे. पूर्वी महाराष्ट्र-गुजरातच्या हद्दीवर विक्रीकराच्या नाक्याला रांगा लागत. १ जुलै २०१७ ला नवी करपद्धती आली आणि ते नाके उठले. २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला. नाक्यावरची रांग गेली, फाटकाबाहेरची राहिली. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात कामाचा दिवस साधारणपणे आठ तासांचा धरलेला होता. त्या फाटकाबाहेर त्याची आठवण कोणी काढली नाही.

चालकाचे आयुष्य असे थांबण्यात जाते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ते धावताना दिसते. म्हणून ट्रकवरची कोणतीही कलाकृती हाती आली की मी एक गोष्ट पाहतो: हिला थांबता येते का?

ए. आय. बेझरिडिस या अमेरिकन लेखकाच्या ‘लाँग हॉल’ (१९३८) या कादंबरीवरून राऊल वॉल्शने १९४० साली ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’ हा चित्रपट काढला. कॅलिफोर्नियात मालाची वाहतूक करणारे दोघे भाऊ. गाडीचे देणे डोक्यावर, झोप अपुरी. याचा पूर्वार्ध मला फार आवडतो, कारण त्यात भाड्यावरून चाललेली तंडणी आहे आणि वसुलीला आलेल्या माणसाला चुकवण्याची धडपड आहे. मग एका भावाला चाकावर डुलकी लागते आणि अपघातात त्याचा हात जातो. हंफ्री बोगार्टने हे काम केले आहे आणि उत्तम केले आहे. इथून पुढे मात्र लेखक-दिग्दर्शक ट्रकमधून उतरतात ते उतरतातच. वाहतूक कंपनीच्या मालकाची बायको, तिचे नायकावरचे प्रेम, नवऱ्याचा खून, कोर्ट. थकलेल्या हप्त्याच्या जोरावर प्रेक्षक शेवटपर्यंत बसेल हा भरवसा त्यांना वाटला नसावा. खून काय, कुठल्याही चित्रपटात होतो.

हेन्री-जॉर्ज क्लुझोच्या ‘वेजेस ऑफ फिअर’ची गोष्ट निराळी. जॉर्ज आर्नोच्या १९५० च्या फ्रेंच कादंबरीवरून निघालेल्या या चित्रपटाला १९५३ साली कान आणि बर्लिन या दोन्ही ठिकाणी सर्वोच्च मान मिळाला. तेलाच्या विहिरीला लागलेली आग विझवायला दोन ट्रकांतून नायट्रोग्लिसरीन न्यायचे आहे. एक मोठा गचका बसला की सगळे संपले. गोष्ट सर्वांना ठाऊक असते ती एवढीच. पण जवळजवळ पहिला तासभर गाडी हलतच नाही. दक्षिण अमेरिकेतल्या एका भिकार गावात चार देशांची माणसे उन्हात पडून आहेत. काम नाही, आणि परत जायला तिकिटाचे पैसे नाहीत. हा भाग लांबला, कापायला हवा होता, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

फाटकाबाहेरच्या रात्री आम्ही दोघांनी हा चित्रपट मोबाईलवर पाहिला. संभाषण मी खालची इंग्रजी अक्षरे वाचून सांगत होतो. तो ‘लांबलेला’ भाग चालू असताना मित्र एकदाच बोलला: “पिक्चर काढणारा गाडीवर बसलेला हाय.” पुढे डोंगरातल्या वळणावर, कुजक्या फळ्यांच्या मांडवावर ट्रक मागे घेण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. अखेरीस जिवंत राहिलेला नायक मोकळी गाडी घेऊन परत निघतो, आनंदात वाल्ट्झच्या तालावर ती डाव्या-उजव्या बाजूला झोकत नेतो आणि दरीत कोसळतो. हा शेवट ओढूनताणून आणलेला आहे असे काही टीकाकारांप्रमाणे मीही मानत आलो होतो, आणि तसे त्याला म्हटले. तो म्हणाला, “तसं कसं? मोकळी गाडीच घात करती. भरलेल्या गाडीत माणूस भ्यालेला असतो.”

तरीही क्लुझोशी माझे एक भांडण आहेच. थांबण्याचे मोल त्याने जाणले, पण गाडी हलवायला त्याला स्फोटक लागले. आमच्या गाडीत गूळ होता. गुळाचा स्फोट होत नाही. तो भिजला की पाझरतो आणि व्यापारी पैसे कापतो. ताडपत्रीला बोटभर भोक पडले आहे हे मित्राला कराडजवळ कळले, आणि आभाळ भरून आले होते. त्या रात्री त्याच्या चेहऱ्यावर जे भय मी पाहिले, ते क्लुझोच्या नटांपेक्षा उणे नव्हते. गुळाचे भय लिहिणारा लेखक अजून यायचा आहे.

अलीकडच्या पुस्तकांत रजत उभयकर यांचे ‘ट्रक दे इंडिया!’ (२०१९) हे इंग्रजी पुस्तक आवर्जून वाचण्यासारखे. मुंबईचा हा पत्रकार ट्रकवाल्यांना हात करून, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत असे करत दहा हजार किलोमीटरांवर हिंडला. त्याला कान आहे. चालकाला तो बोलू देतो, आणि आपण पाहुणे आहोत हे लपवत नाही. उणीव आहे ती पाहुणेपणाचीच. देश समजतो, पण एक माणूस पुरता समजायच्या आत गाडी बदलते. मी तरी काय केले? परतीचा माल मिळेपर्यंत मित्र तीन दिवस अहमदाबादेत थांबला; माझी शाळा उघडणार होती, मी आगगाडीत बसलो.

घराच्या बाजूने पाहिलेला ट्रकवाला जयवंत दळवी यांच्या ‘चक्र’वरून निघालेल्या १९८१ च्या हिंदी चित्रपटात आहे. कुलभूषण खरबंदाचा तो चालक झोपडीत येतो, चार दिवस राहतो, जातो. कॅमेरा अम्मापाशी, म्हणजे स्मिता पाटीलपाशी, झोपडीतच थांबतो, आणि ते योग्यच आहे. पण मग त्याचे फाटकाबाहेरचे तास आपल्याला दिसत नाहीत. तिचे वाट पाहणे आणि त्याचे वाट पाहणे एका पुस्तकात एकत्र आलेले माझ्या वाचनात नाही.

हे पुस्तक पाहुण्याच्या हातून होईल असे मला वाटत नाही. मराठी वाचकाला याचा अनुभव आहे. ज्यांच्यावर वर्षानुवर्षे दुसरे लिहीत होते, ते स्वतः लिहू लागल्यावर ‘बलुतं’ (१९७८) आले, ‘उपरा’ (१९८०) आले, ‘उचल्या’ (१९८७) आले, आणि आधीच्या पुष्कळ सहानुभूतीचा रंग एका रात्रीत उडाला. केबिनमधून असे काही यायला हवे, आणि त्याची निकड वाङ्मयापुरती नाही. जानेवारी २०२४ च्या आरंभी, अपघात करून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली म्हणून ट्रकवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, तेव्हा कुठे लोकांनी विचारले, हे पळतात तरी का? मित्राचे उत्तर एका वाक्याचे होते: “थांबलो तर लोक मारत्यात, पळालो तर कायदा.” १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली ती हे पोटकलम बाजूला ठेवून. ते बाजूला आहे, रद्द झालेले नाही.

मित्र लिहीत नाही असे मात्र नाही. त्याच्यापाशी एक जाडी वही आहे. डिझेल, टोल, हमाली, भत्ता. मधूनच एखादी ओळ हिशेबाबाहेरची: अमुक फाट्यावर पाणी चांगले, अमुक ढाब्यावर डिझेल चोरतात, मुलीचा ताप उतरला. आमच्या खेपेच्या पानावर शेवटी लिहिले आहे: ‘फाटकावर २६ तास. हॉल्टचे पैसे नाहीत. मास्तर झोपला नाही.’ मी ती वही त्याच्याकडे वाचायला मागितली आहे. तो म्हणतो, मालकाला हिशेब देऊन झाल्यावर बघू.