शाही हमामाचे छत आणि उसना ताजमहाल

बऱ्हाणपूरला पाहुणे आले की आपण त्यांना शाही किल्ल्यात नेतोच. तापीच्या उंच काठावरचा हा फारुकींच्या काळचा किल्ला मुघलांनी वाढवला. आत बरीच पडझड आहे, पण हमामात शिरले की मान आपोआप वर जाते. चुन्याच्या गिलाव्यावर वेल, फुले, भौमितिक नक्षी, आणि चारशे वर्षांनंतरही काही ठिकाणी टिकलेले रंग. मागच्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. गाईडने बॅटरी छतावर मारली आणि नेहमीचे वाक्य आले : “ये देखिए साहब, यहीं से ताजमहल का नक्शा निकला.” पाहुण्यांनी फोटो काढला. पाच मिनिटांत सगळे बाहेर.

माझी तक्रार त्या गाईडबद्दल नाही. तो आपणच त्याला शिकवलेले बोलतो. तक्रार आहे ती आपल्या सवयीबद्दल. सुंदर वास्तू दिसली की तिला एखादे मोठे नाव चिकटवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. मुमताजचा मृत्यू १६३१ च्या जूनमध्ये इथेच झाला, तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात तिला आधी पुरले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिचे शव आग्र्याला नेले. हा इतिहास पक्का आहे. पण त्यावरून छतावरच्या एका लहानशा चित्राला ताजचा आराखडा ठरवणे म्हणजे अंदाजपत्रक न करताच बिल काढण्यासारखे झाले.

मी आयुष्यभर नकाशे वाचले. चित्रावरून इमारत उभी राहत नाही. पाया, माप, घुमटाचा भार, हे सगळे आधीच्या कामांतून शिकलेले असते. ताजचे शिल्पकार म्हणून उस्ताद अहमद लाहोरींचे नाव घेतले जाते. त्यांच्यापुढे दिल्लीतली हुमायूनची कबर होती, आणि तिच्याजवळच अब्दुर्रहीम खानखानाने बायकोसाठी बांधलेली कबर होती. ताजकडे जाणाऱ्या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा म्हणून अभ्यासक हिच्याकडे बघतात. आता गंमत पाहा. हा खानखाना म्हणजे बऱ्हाणपुरात वर्षानुवर्षे सुभेदारी केलेला आपला रहीम, दोहेवाला. म्हणजे ताजशी नाते सांगायचेच असेल तर ते छतावरच्या चित्रापेक्षा या माणसातून अधिक सरळ जाते. त्याचा मुलगा शाहनवाज खान याची कबर तर उतावलीच्या काठी आपल्या गावातच आहे. तिलाही आपण ‘काला ताजमहल’ म्हणतो! स्वतःच्या नावाने ओळखली जाईल अशी वास्तू आपण शिल्लक ठेवायचीच नाही का?

हमामाचे खरे कौतुक वेगळ्या जागी आहे. ही सजवलेली बैठकीची खोली नाही, हे पाणी आणि वाफेचे यंत्र आहे. किल्ला उंचावर, नदी खूप खाली. मग इथे पाणी आणायचे मार्ग दोनच : नदीतून उपसा करायचा, किंवा डोंगराकडून उताराने आणायचे. दुसरी विद्या बऱ्हाणपूरला किती चांगली येत होती त्याचा पुरावा म्हणजे कुंडी भंडारा. १६१५ च्या सुमारास, याच खानखानाच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरून, शंभरावर कुंड्यांच्या रांगेतून, पंपाशिवाय शहराकडे आणले. उतार जरा जास्त झाला तर बोगदा खरवडतो, कमी झाला तर गाळ साचतो. ज्याने लेव्हल धरली आहे त्याला यातली मेहनत कळेल.

आणि गिलावा! रोज वाफ, ऊन आणि गार पाणी, अशा जागी रंग टिकवायचा म्हणजे चुना नीट मुरवून, घोटून, थरावर थर द्यावा लागतो. घाई केली की पोपडे. ती कारागिरी करणाऱ्यांची नावे आपल्या ओठांवर नाहीत, म्हणून तर आपण आग्र्याचे नाव उसने घेतो.

या उसनवारीची किंमत इमारत देते. लोक फक्त ‘ताज’ शोधतात. खालचा हौद, पाण्याचे मार्ग, भिंतीला लागलेला लोणा, चुन्यात कोरलेली प्रेमिकांची नावे, यांच्याकडे कोणी बघत नाही. जे बघितले जात नाही ते दुरुस्तही होत नाही. ओल वर चढली की आधी जाईल ते हेच छत.

२०२४ मध्ये कुंडी भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. तेव्हा आपल्या मंडळाला एवढेच सुचवतो : पुढच्या फेरीत हमामात आधी खाली बघू. पाणी कुठून आत आले, कुठे तापले, कुठून बाहेर गेले, हे मोजून एक साधा नकाशा काढू, आणि तो गाईडमंडळींच्या हातात देऊ. गोष्ट सांगायला त्यांनाही काहीतरी हवे असते. मग मान वर करावी. छत तेव्हाही सुंदरच दिसेल, आणि ते आपले असेल.