खिडकीखालचा पलंग

थॉमस हार्डीच्या ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ (1891) या कादंबरीत वंशावळ भेटते ती भर रस्त्यात. मे महिन्याची संध्याकाळ. जॉन डर्बीफील्ड हा गरीब फेरीवाला रिकामी टोपली घेऊन लटपटत्या पायांनी घरी चाललेला. जुन्या घराण्यांचा अभ्यास करणारा पाद्री समोरून घोड्यावर येतो आणि सहज त्याला ‘सर जॉन’ म्हणतो. मग त्याला हनुवटी वर करायला लावून, इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमबरोबर नॉर्मंडीहून आलेल्या सरदारांची ठेवण त्या चेहऱ्यात शोधतो. तू प्राचीन डर्बरव्हिल घराण्याचा वंशज आहेस, एवढं सांगून पाद्री आपल्या वाटेनं जातो. या माहितीचं ओझं मात्र थोरल्या मुलीच्या, टेसच्या, डोक्यावर येतं.

घरचा घोडा अपघातात मरतो. त्याचा दोष स्वतःकडे घेऊन टेस श्रीमंत ‘नातेवाइकां’च्या दारात जाते. ते नातेवाईक नसतातच. स्टोक नावाच्या व्यापाऱ्यानं ब्रिटिश म्युझियममध्ये बसून, नामशेष घराण्यांच्या नोंदींतून डर्बरव्हिल हे आडनाव उचललेलं असतं. तिथला मुलगा अॅलेक तिचं आयुष्य नासवतो.

तिच्या तान्ह्या बाळाला कुठल्याच वंशावळीत जागा नाही. ते मरणार हे कळल्यावर टेस रात्री भावंडांना उठवते, तोंड धुण्याच्या भांड्यातल्या पाण्यानं स्वतःच त्याचा बाप्तिस्मा करते. चर्चच्या आवारातल्या टाकलेल्या कोपऱ्यात त्याला पुरतात. तिथं ती फुलं ठेवते, मार्मालेडच्या रिकाम्या बरणीत. बरणीवरचं लेबलसुद्धा हार्डी लपवत नाही, आणि मला दर वाचनात तिथं थांबावंच लागतं.

पुढं एक रुक्ष कायदेशीर तपशील कथेवर घाव घालतो. डर्बीफील्डांचं घर तीन माणसांच्या हयातीपुरत्या पट्ट्यावर होतं आणि जॉन त्यातला शेवटचा. इतक्या जुन्या कुळाचा हा वारस डोळे मिटतो आणि त्याच्या पोरांच्या डोक्यावरचं छप्परही जातं. बायकापोरं गाडीत सामान भरून किंग्जबिअरला, म्हणजे पूर्वज पुरलेत त्या गावी, निघतात. डॉर्सेटमधलं बेअर रेजिस ते हेच. ज्यांच्यावरून कादंबरीतले डर्बरव्हिल बेतले, त्या खऱ्या टर्बरव्हिल घराण्याची खिडकी तिथल्या चर्चमध्ये आजही आहे.

ठरवलेल्या खोल्या दुसऱ्यांना दिलेल्या असतात. आई चर्चच्या दक्षिण भिंतीशी चार खांबांचा पलंग मांडते, पडदे ओढते आणि धाकट्यांना आत झोपवते. वर पंधराव्या शतकातली नक्षीदार खिडकी. चर्चमध्ये गेलेल्या टेसला पूर्वजांच्या कबरी दिसतात: कोरीवकाम झिजलेलं, पितळी पत्रे उचकटलेले, जागेवर उरलीत नुसती खिळ्यांची भोकं. तळघराच्या दारावरचं लॅटिन तिला वाचता येत नाही. तरी दार कुणाचं हे ती ओळखते, त्यावर वाकते. बाहेर पलंगावर तिची भावंडं झोपलेली असतात.