नारदाचें भ्रमण आणि दक्षाचा शाप

नारद म्हटला कीं हातीं वीणा, मुखीं नारायणनाम आणि पोटांत कळ लावण्याची खुमखुमी, अशी मूर्ति आपणांपुढें उभी राहते. कीर्तनांतून ती घरोघर पोंचली. किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'ंतून (१८८२) ती रंगभूमीवरहि आली. मूर्ति गोड आहे. परंतु पोथ्या तपासणारानें तिच्यावर विसंबूं नये.

ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेंत, शुनःशेपाख्यानांत, पर्वत व नारद हे हरिश्चंद्राच्या घरीं राहत होते असें स्पष्ट म्हटलें आहे. पुत्र कशासाठीं हवा या राजाच्या प्रश्नास नारद उत्तर देतो, आणि वरुणास शरण जाण्याचा सल्लाहि त्याचाच. हा भटक्या नव्हे. राजगृहीं वसणारा जाणता पुरुष होय. छांदोग्याच्या सातव्या अध्यायांत तो सनत्कुमारापुढें शिष्य म्हणून येतो, शिकलेल्या विद्यांची लांबलचक यादी सांगतो आणि इतकें करूनहि आत्मज्ञान झालें नसल्याची कबुली देतो. दोन्ही स्थळीं ना वीणा, ना कलह.

महाभारतांत मात्र तो हिंडतांना दिसतो. सभापर्वांत लोकलोकांतरीं फिरत तो मयसभेंत येतो व युधिष्ठिरास कोश, दुर्ग, शेती, सैन्याचें वेतन यांविषयीं प्रश्नांमागून प्रश्न विचारतो. आदिपर्वांत तर द्रौपदीवरून भावांत तंटा होऊं नये म्हणून तो सुंदोपसुंदांची कथा सांगतो, आणि पांडव त्याच्यासमक्ष आपसांत नियम करतात. ज्यास आपण कळलाव्या म्हणतों तो येथें कळ टाळीत आहे! त्याच नियमाच्या भंगामुळें अर्जुन वनवासास गेला व पुढें सुभद्राहरण घडलें, ही मौज निराळी.

आतां या भ्रमणाचें कारण काय? भागवताच्या सहाव्या स्कंधांत, आपल्या पुत्रांस प्रजोत्पादनापासून परावृत्त केल्याबद्दल दक्ष नारदास शाप देतो कीं लोकांत हिंडतांना तुला कोठेंहि ठाव मिळणार नाहीं. भ्रमणाचा उगम हाच, असें पुष्कळ जण धरून चालतात. परंतु हीच कथा हरिवंशांत आहे, आणि तेथील शाप वेगळा आहे: नष्ट हो व पुन्हां गर्भवास भोग. भ्रमणाचें त्यांत नांवहि नाहीं. हरिवंश जुना, भागवत त्याहून अर्वाचीन. तेव्हां नारद आधीं हिंडूं लागला आणि शापास तें रूप मागाहून आलें, असेंच म्हणणें प्राप्त आहे. भागवतकारानें हा बदल कां स्वीकारला असावा याचा धागा, माझ्या मतें, प्रथम स्कंधांत आहे. तेथें नारद स्वमुखें आपला पूर्वजन्म सांगतो: दासीचा पुत्र, पावसाळ्यांत एकत्र राहिलेल्या साधूंची सेवा, सर्पदंशानें आईचा मृत्यु आणि मग उत्तरेकडे एकट्याचें निघून जाणें. घर सुटणें हीच येथें भक्तीची वाट आहे. अशा ग्रंथांत बेघरपणाचा शाप बोचत नाहीं, आणि नारदहि तो निमूटपणें स्वीकारतो.

ही चर्चा संग्राहकांस परकी वाटूं नये. हस्तलिखितांच्या याद्यांत कर्त्याच्या रकान्यांत 'नारद' हें नांव स्मृतीपुढें, शिक्षेपुढें, संगीतमकरंदापुढें, भक्तिसूत्रांपुढें आणि पंचरात्रापुढें सारखेंच पडतें. योली यांनीं १८८५ मध्यें संपादिलेल्या नारदस्मृतींत 'दीनार' या नाण्याचा उल्लेख आहे. ती छांदोग्यांतील शिष्याची कृति कशी असेल? १८६५ मध्यें कलकत्त्यास छापलेलें नारदपंचरात्र तर राधेचें माहात्म्य गातें, आणि डॉ. भांडारकरांनीं १९१३ मध्येंच तें फार अलीकडचें ठरविलें. सर्वत्र संचार करणारा वक्ता कोठेंहि उभा करतां येतो, त्यामुळें ग्रंथास वजन आणूं पाहणाऱ्यांस तो सोयीचा पडला. म्हणून यादी करणारांस विनंति इतकीच कीं, पुष्पिकेंत 'नारदोक्त' आहे कीं 'नारदविरचित', तें अक्षरशः उतरून घ्यावें, आणि पुष्पिका नसेल तर कर्त्याचा रकाना रिकामा ठेवावा.