कुकडीच्या उगमाकडे

सहल चांगली झाली असं म्हणताना आपण हवेचं, जेवणाचं, सोबतीचं कौतुक करतो. दिवस कसा बांधला होता, हे सहसा कुणी विचारत नाही. पुण्याहून खासगी गाडी करून, जुन्नरला स्थानिक गाइड सोबत घेऊन लेण्याद्री ते नाणेघाट असा जो दिवसभराचा फेरा होतो, त्याचा आस्वाद मला त्याच्या बांधणीतूनच घ्यावासा वाटतो.

पहिली दाद गाळलेल्या गोष्टींना. जुन्नर परिसरात शिवनेरी आहे, ओझरचा विघ्नहर आहे, खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची महादुर्बीण आहे. हे सगळं एका दिवसात कोंबणारे दौरे निघतात आणि संध्याकाळी माणसाला फक्त वाहनतळ आठवतात. जाणता गाइड शिवनेरी लांबून दाखवतो आणि सांगतो, “हा गड घाईनं बघायचा नाही.” मग तो गाडी पश्चिमेला वळवतो. इथून पुढच्या दिवसाला एकच सूत्र आहे: कुकडी नदीच्या प्रवाहाच्या उलट दिशेनं, तिच्या उगमाकडे.

दिवस सुरू होतो तो पुणे-नाशिक रस्त्यानं, भीमा, घोड, मीना अशा नद्या ओलांडत. नारायणगावच्या आसपास टोमॅटो, कांदा, ऊस आणि द्राक्षांचे मांडव दिसतात. हे धरणांच्या पाण्यावरचं बागायती जुन्नर. ते नीट पाहून ठेवावं, कारण दुपारी त्याच तालुक्याचं दुसरं रूप समोर येणार असतं.

लेण्याद्रीला सकाळीच चढावं. पायऱ्या तीनशेच्या आसपास, आणि ऊन चढलं की त्या दुप्पट वाटतात. वर गिरिजात्मजाचं दर्शन घेताना आपण एका बौद्ध विहारात उभे असतो. एवढं मोठं दालन, आणि मध्ये एकही खांब नाही. भिंतींच्या कडेनं भिक्खूंच्या खोल्या आहेत. शेजारीच चैत्यगृह आहे. पण माझ्या लेखी इथलं खरं वैभव म्हणजे जुन्नरच्या डोंगरांतले दानलेख. धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींची, म्हणजे व्यवसाय-संघांची, नावं त्यांत येतात, काही यवन दात्यांचीही येतात. ही लेणी कोरायला पैसा आला तो बाजारातून. चांगला गाइड इथं एवढंच सांगून थांबतो आणि एक प्रश्न मनात सोडतो: इतका पैसा या खोऱ्यात आला कुठून? उत्तर तो लगेच देत नाही. दिवसाची सगळी ओढ या राखून ठेवलेल्या उत्तरात आहे.

जुन्नरला मासवडी आणि भाकरी खाऊन गाडी निघते. माणिकडोह धरणाचं पाणी, आपटाळे, चावंडचा उभा कडा. द्राक्षांचे मांडव संपतात, भातखाचरं लागतात. पश्चिमेला सरकावं तसा पाऊस वाढत जातो आणि त्याप्रमाणे पिकं, झाडं, घरांची छपरं बदलतात. हिरड्याची झाडं दिसू लागली की महादेव कोळ्यांचा मुलूख आला असं समजावं. इथली कुटुंबं बाळहिरडा गोळा करून वाळवतात आणि विकतात. खासगी गाडीचा खरा उपयोग या टप्प्यात कळतो. एसटी जिथं थांबणार नाही तिथं थांबता येतं, खाचराच्या बांधावर दहा मिनिटं उभं राहता येतं. ड्रायव्हरनं न सांगता इंजिन बंद केलं, तर तोही या रचनेचा वाटेकरी आहे असं खुशाल मानावं.

पूर गावाजवळ कुकडेश्वर. नदीच्या उगमापाशी उभारलेलं, शिलाहारकालीन समजलं जाणारं हे शिवमंदिर. शिखर उरलेलं नाही. त्यामुळे नजर वर न जाता खांबांवर, भिंतींवर आणि द्वारशाखेच्या कोरीवकामावर ठरते. इथं जास्त बोलू नये, बसावं.

शेवटी घाटघर, डोक्यावर जीवधनचा किल्ला, आणि नाणेघाट. पठार एकाएकी संपतं आणि खाली कोकण उघडतं. सकाळच्या प्रश्नाचं उत्तर इथं मिळतं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच चिंचोळ्या खिंडीतून वर येऊन जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जाई. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकली जाई असं सांगतात. थोडं खाली उतरलं की गुहा लागते. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे: यज्ञांची नावं, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, नाणी आणि त्यांचे आकडे. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांत यांची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आज त्यांची नावं आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. व्यापारी ज्या वाटेनं वर आले, ती आपण दिवसभर उलटी वाचत आलो, हे इथं लख्ख कळतं. म्हणूनच नाणेघाट सकाळी उरकून लेण्याद्रीला परतणारा दौरा मला अर्धवट वाटतो. तो उत्तर आधी देतो.

परतीचा प्रवास अंधारातला. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा गाडी सावकाश असावी.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत जा. पावसाळ्यात घाटमाथा गर्दीनं आणि धुक्यानं भरलेला असतो, लेख वाचायला उजेड मिळत नाही. गाइड जुन्नर तालुक्यातलाच घ्या आणि मोबदला देताना घासाघीस करू नका. गुहेत लेखाला हात लावू नका. शिवनेरीसाठी वेगळा दिवस ठेवा.