भगीरथ कुणाला आठवतो?

गेल्या वर्षी मार्चमध्ये वडिलांनी माझा बायोडेटा व्हॉट्सॲपवर पाठवला. 'बघून घे, काही बदल असला तर कळव.' नाव, रास, जन्मवेळ, शिक्षण बी.ई. कॉम्प्युटर, नोकरी पुणे, मामांचं गाव, बागायत ४ एकर. सगळ्यात खाली एकच शब्द: निर्व्यसनी. मी तो वाकडच्या फ्लॅटवर रात्री साडेदहाला वाचला. समोर अर्धी क्वार्टर शिल्लक होती आणि ती त्या दिवसातली दुसरी होती. बायोडेटात माझी उंची १ इंच कमी पडली होती. तेवढी दुरुस्ती मी कळवली.

वडील नातेपुत्यात शिक्षक होते. खोटं लिहिणारा माणूस नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. दर महिन्याच्या ५ तारखेला घरी येणारे पैसे, बहिणीच्या लग्नाचं फिटलेलं कर्ज, ४ वर्षांत २ बढत्या, एकही न बुडवलेला सोमवार. दारुडा कसा असतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, मलाही होतं. आमच्याकडे तो एसटी स्टँडच्या भिंतीला टेकून पडलेला असतो. नाहीतर तो सुधाकर असतो.

सुधाकर म्हणजे 'एकच प्याला'तला. हे नाटक ज्यांनी पाहिलं नाही, वाचलं नाही, त्यांनाही ते माहीत असतं. वडिलांनी मला त्याची गोष्ट शाळेत असताना सांगितली होती. हुशार वकील दारूला लागतो, वकिली जाते, घर जातं, बायको सिंधू दळण दळून दिवस काढते, त्याच्या हातून पोटचं पोर मरतं, सिंधू मरते आणि शेवटी तो दारूत विष घालून पितो. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. २० फेब्रुवारीला बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने नाटकाचा पहिला प्रयोग केला. पदं लिहायची राहून गेली होती, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली. सिंधू झाले बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस. बालगंधर्वांचं ते फाटकं, ठिगळं लावलेलं लुगडं अजून लोकांच्या बोलण्यात येतं. शंभर वर्षं महाराष्ट्राने दारूबद्दल जे काही मानलं, त्यातलं बरंचसं या लुगड्यातून आलेलं आहे.

माझी तक्रार या लुगड्याबद्दल आहे.

मी पीत होतो ती वर्षं मी मनात सुधाकरशी तुलना करत होतो. माझी नोकरी शाबूत, म्हणजे मी तो नाही. माझ्या घरात कुणाचं लुगडं फाटलेलं नाही, म्हणजे मी तो नाही. शोकांतिकेने भीती घालावी म्हणतात. मला तिने दिलासा दिला. सुधाकर इतका खोल पडलेला होता की त्याच्याकडे बघून मी कायम काठावरच उभा आहे असं वाटायचं. आमच्या कामात सर्व्हरवर लक्ष ठेवायला डॅशबोर्ड असतात. ज्या गोष्टीचा अलर्ट लावलेला नाही, ती कितीही बिघडली तरी डॅशबोर्ड हिरवाच राहतो. पगार, हजेरी, बढती, ईएमआय: सगळं हिरवं होतं. रात्री ९ वाजण्याची वाट मी संध्याकाळी ५ पासून बघतो, याचा अलर्ट कुणीच लावलेला नव्हता.

वैद्यकशास्त्राने तो लावलेला आहे, हे मला उशिरा कळलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निकषग्रंथात दारूच्या विकारासाठी ११ खुणा आहेत. वर्षभरात २ जुळल्या तरी विकार, ६ किंवा जास्त जुळल्या तर तीव्र. ठरवलं त्यापेक्षा जास्त पिणं, कमी करायचा प्रयत्न फसणं, तल्लफ, तेवढ्याच नशेसाठी जास्त लागणं, थांबवल्यावर हात थरथरणं, पिण्यात आणि उतरण्यात वेळ जाणं. कामात किंवा घरच्या जबाबदारीत कमी पडणं ही त्या ११ मधली फक्त एक खूण आहे. बाकीच्या १० जुळवून माणूस सकाळच्या मीटिंगला वेळेत हजर राहू शकतो. 'हाय-फंक्शनिंग' नावाचा आजार त्या ग्रंथात नाहीच. ते आपण स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्र असतं.

बायोडेटानंतर तीन महिन्यांनी, ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला यायच्या आठवड्यात, मी गावी होतो आणि वडिलांच्या कपाटातून नाटक काढून पहिल्यांदा पूर्ण वाचलं. भाषा दमवते. गडकऱ्यांची पात्रं एका श्वासात पानभर बोलतात, कोट्यांवर कोट्या करतात. दारुड्यांच्या आर्यमदिरामंडळाचे प्रवेश लोक गंमत म्हणून वाचतात. मला ते सगळ्यात खरे वाटले. पिण्याला तत्त्वज्ञान, पिण्याला सभासदत्व, पिण्याला देशकार्याचा मुलामा. हिंजवडीतल्या शुक्रवारच्या टेबलावर फक्त विषय वेगळे असतात.

पण मला थांबवलं ते पहिल्या अंकाने. सुधाकर पहिला प्याला मजेखातर घेत नाही. त्याचा कोर्टात अपमान झालेला आहे, मुन्सफाशी खटका उडून सनद गेलेली आहे, डोकं शांत होत नाही. त्याचाच कारकून तळीराम त्याला दारू देतो ती विसरण्याचं औषध म्हणून. पुढे एकदा सुधाकर दारू खरंच सोडतो. मग काम मागायला ओळखीच्या लोकांकडे जातो, पदरी अपमान येतो आणि तो परत प्याल्याकडे वळतो. अपमान, मग प्याला. पुन्हा अपमान, पुन्हा प्याला. हे नाटक दारूवरचं मानलं जातं. मला ते हुशार माणसाच्या अपमानावरचं वाटतं. हुशारीवर ज्याचं सगळं घर उभं आहे, त्याला कुणी चारचौघांत कमी लेखलं तर रात्र काढायची कशी, हा त्यातला प्रश्न आहे.

माझा पहिला प्याला नोकरीच्या दुसऱ्या वर्षातला. क्लायंट कॉलवर माझं इंग्रजी अडखळलं. कॉल संपल्यावर कुणीतरी 'नातेपुते' हा शब्द मुद्दाम लांबवून उच्चारला आणि खोली हसली. विशेष काही नव्हतं, मीही हसलो. त्या रात्री रूममेटने ग्लास पुढे केला आणि अर्ध्या तासात तो आवाज डोक्यातून गेला. कॉलेजात बिअर घेतली होती, पण ती मोजत नाही. हा पहिला, कारण याने काम केलं. आणि जी गोष्ट काम करते तिला इंजिनिअर हात लावत नाही.

नावातल्या 'एकच'बद्दलही थोडं. लोक त्याचा अर्थ एका प्याल्याने घात होतो असा घेतात. पिणाऱ्याच्या कानाला तो दुसराच ऐकू येतो. 'एकच' ही मोजणी कधी पुढे जात नाही, रोज रात्री शून्यावर येऊन परत एकपासून सुरू होते. माझ्या हिशोबाने मी ४ वर्षांत कधीच एकाहून जास्त घेतलेली नाही. प्रत्येक वेळी ती एकच होती.

गडकरी कमी पडतात ते दारूचं माप सिंधूच्या हालांवर घेतात तिथे. सिंधू नवऱ्याला वाचवण्यासाठी मरतानाही पोलिसांसमोर खोटं बोलते. प्रेक्षक तिच्यासाठी रडतो आणि मोकळा होऊन घरी जातो. त्या खोट्याकडे नाटक पुण्य म्हणून बघतं. आज वाचताना ते सगळ्यात भयंकर वाटतं, कारण दारू अशाच चांगल्या माणसांच्या खोट्यावर टिकते. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू केलं. तिथे पुढे रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' हा गट चालू झाला. सिंधूला तिथे नेऊन बसवलं असतं तर ती काय बोलली असती, असं मला हल्ली वाटतं. तिथे नवऱ्याला सांभाळून घेतल्याबद्दल तिचं कौतुक झालं नसतं.

अवचटांचं 'मुक्तांगणची गोष्ट' मी नंतर वाचलं. आपल्याकडे नशेवर लिहिणाऱ्यांत तो माणूस मला सगळ्यात कमी उपदेशक वाटला. पण त्यातही दारात आलेला माणूस बहुधा बरंच गमावून आलेला असतो. बॉस्टनची पत्रकार कॅरोलाइन नॅप हिचं १९९६ चं 'ड्रिंकिंग: अ लव्ह स्टोरी' मला जास्त जवळचं वाटलं. ती नोकरी करते, स्तंभ लिहिते, तिच्या आयुष्यात काही कोसळत नाही. ते चालूच राहतं, आणि भीती त्या चालू राहण्याचीच वाटते. मराठीत असं पुस्तक माझ्या हाती लागलेलं नाही. आपल्याकडे पिणारा एक तर हसवतो, नाहीतर मरतो.

सोडण्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडे शब्द भरपूर आहेत. माळ घातली. श्रावण धरला. पित्त आहे, अँटिबायोटिक चालू आहे, चतुर्थी आहे. प्रत्येक नकाराला एक छापील चिठ्ठी. श्रावण ही माझी तर मोठीच पुंजी होती. गटारीला मनसोक्त प्यायचं आणि महिनाभर शिवायचं नाही. जो श्रावण पाळतो तो बेवडा नाही, हे महाराष्ट्रात सर्वमान्य आहे. मी दोन वर्षं पाळला. तिसऱ्या वर्षी आठव्या दिवशी मोडला आणि कुणालाच सांगितलं नाही. ऑफिसात महिनाभर 'माझा श्रावण आहे' म्हणत राहिलो.

आता भगीरथ. नाटक वाचेपर्यंत मला हे पात्र आहे हेच माहीत नव्हतं. वडिलांनी गोष्ट सांगताना त्याचं नाव घेतलं नव्हतं. मी पुढे नाटक पाहिलेल्या चार-पाच जणांना विचारलं, तळीराम सगळ्यांना आठवत होता, भगीरथ एकालाही नाही. भगीरथ आर्यमदिरामंडळातलाच. प्रेमभंगाने प्यायला लागलेला. रामलालच्या बोलण्याने तो दारू सोडतो आणि लोकसेवेला लागतो. म्हणजे ज्या नाटकाने आपल्याला शिकवलं की या वाटेवरून परत येता येत नाही, त्याच नाटकात एक माणूस परत येऊन उभा आहे. सुधाकर रामलालला दारूच्या अवस्था समजावतो, परतीची वाट कशी बंद होत जाते ते सांगतो, आणि ते भाषण सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्याला खोटं पाडणारा मनुष्य त्याच नाटकात फिरतो आहे, तो राहत नाही.

यात प्रेक्षकांचा दोष थोडा आहे, गडकऱ्यांचा जास्त. भगीरथाच्या सोडण्यात त्यांना रस नव्हता. त्याला रामलाल आणि शरदच्या कथानकात कामाला लावायचं होतं, म्हणून त्याची दारू चटकन सोडवून टाकली. दारू सोडल्यानंतरची त्याची एकही रात्र आपल्याला दिसत नाही. हात थरथरत नाहीत, घाम येत नाही, संध्याकाळी सात ते दहा या वेळेचं तो काय करतो कळत नाही. पडण्याला पाच अंक दिले आणि उठण्याला एक भाषण.

माझी पहिली रात्र मला सांगता येईल. पालखी मुक्कामाला, गाव माणसांनी भरलेलं, आमच्या ओसरीवर फलटणकडून चालत आलेली एक दिंडी उतरलेली. दुकानं बंद राहणार हे माहीत असल्याने मी पुण्याहून लॅपटॉपच्या बॅगेत, चार्जरखाली, बाटली आणलेली होती. गावी प्यायची नाही, हा माझा शेवटचा शाबूत नियम होता. तो त्या संध्याकाळी मोडला. आई पंगतीत पिठलं वाढत होती आणि मी माडीवर दार लावून बसलो होतो. खाली आलो तेव्हा एका म्हाताऱ्या वारकऱ्याने वाकून माझ्या पाया पडायला हात पुढे केले. त्यांच्यात समोरच्याला माउली म्हणून नमस्कार करतात. मी तोंडाचा वास येऊ नये म्हणून मागे सरकलो. त्यांना वाटलं, पोरगा संकोचला.

दुसऱ्या दिवशी पालखी माळशिरसकडे गेल्यावर उरलेली बाटली मी मोरीत ओतली. याने काही सिद्ध होत नाही, मी ती आधीही दोनदा ओतलेली होती. फरक इतकाच की या वेळी संध्याकाळी हात इतके थरथरायला लागले की चहाची बशी धरवेना, आणि मी डॉक्टरकडे गेलो. रोज जास्त पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. त्यावर औषधं आहेत. हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. सुधाकरच्या गोष्टीत हे नव्हतं, भगीरथाच्याही नाही.

डॉक्टरकडे वडील सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, रोज किती? मी खरा आकडा निम्मा करून सांगितला. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "त्यांनी औषध त्या आकड्यावर दिलंय. बरोबर आहे ना?" मी परत आत जाऊन खरा आकडा सांगितला. घरी येईपर्यंत वडील काही बोलले नाहीत.

चौकात शाळेतला मित्र भेटला. बसायचा कार्यक्रम ठरत होता. मी नाही म्हणालो.

"का रं? माळ घातली व्हय?"

"नाही."

"मग? पित्त?"

"नाही. सोडली."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. पुढे काय विचारायचं त्याला सुचेना. मलाही काय सांगायचं सुचलं नाही. मग आम्ही उसाच्या दराबद्दल बोललो.

बायोडेटा वडिलांनी अजून कुणाला पाठवलेला नाही. मागच्या महिन्यात त्यांनी फोनवर विचारलं, "त्या शेवटच्या ओळीचं काय करायचं?" म्हटलं, राहू द्या थोडे दिवस. १० महिने झालेत. ९ वाजता मी अजून घड्याळाकडे बघतो.